पारव्या सॅटिनची पाठ

आईनं शेवटचं कापलेलं कापड वहिनीसाठी होतं, हे धाकटीला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. त्या घरात निसरडं, झुळझुळीत असं जे काही यायचं ते वहिनीच्या वाट्याला जायचं आणि जाड, राठ, धूळ खाणारं ते धाकटीच्या. हे इतक्या वर्षांचं होतं की त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

आईचं शिवणकाम घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी कापायचं लांब टेबल आणि त्यापलीकडे शेजारी शेजारी दोन मशिनी, एक आईची, दुसरी वहिनीची. धाकटीची मशीन त्या खोलीत कधीच नव्हती. लहानपणी एकदा तिनं आईच्या मशीनवर शिफॉनचा रुमाल शिवायला घेतला होता. मशीननं तो रुमाल कोपऱ्यापासून असा आत ओढला की सोडवताना त्याच्या वातीच झाल्या. आई रागावली नाही. तिनं धाकटीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, “तुझा हात जड आहे गं.” एखाद्याचं नाक सरळ आहे म्हणावं, तसं. दुसऱ्या दिवशी तिनं धाकटीपुढे कॅनव्हासची पिशवी ठेवली, आणि धाकटी पुढं आयुष्यभर तेच शिवत राहिली.

नाही म्हणायला त्याच जड हातानं तिनं नाव कमावलं. सोफ्यांची कव्हरं, गाद्यांच्या खोळी, हॉटेलांचे छतापासून जमिनीपर्यंतचे पडदे. दोन गल्ल्या टाकून तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं, हाताखाली बायका होत्या, आणि रेक्झिनच्या चार घड्या एका दमात शिवणारी मशीन होती, जिचा आवाज शेजारच्या लाँड्रीवाल्याला पाठ झाला होता. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण दादाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. माहेरी जिनं कधी सुईत दोरा ओवला नव्हता त्या मुलीला आईनं आपल्या शेजारी बसवलं. वहिनीचा पहिला सॅटिनचा ब्लाऊज चुण्यांनी भरून गेला होता. धाकटीनं तो पाहिला होता, मनातल्या मनात हसलीही होती. आता आई हिचेही हात उलटेपालटे करून बघणार, असं तिला वाटलं. आईनं तसलं काही केलं नाही. तिनं वहिनीच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच ठेवून पुढची शिवण घातली.

तो हात धाकटी विसरली नाही.

रोज दुपारी ती चहाला घरी यायची तेव्हा खिडकीतून तिला आधी दिसायची ती दोन डोकी, एकमेकांना लागलेली. आत गेली की बोलणं थांबायचं. दोघी कापडाबद्दलच बोलत असणार, दुसरं काय असणार. तरी पण थांबायचं.

आई गेली. बायका येऊन गेल्या, मोजून-मापून रडून गेल्या. दादानं आईची औषधं एका पिशवीत भरली आणि ती पिशवी कुठं टाकावी हे न सुचून पुन्हा कपाटात ठेवली. वहिनीनं गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे एकेक करून पुरे केले. फक्त वरच्या फळीवरची मलमलीची एक गुंडाळी तशीच राहिली. तीत पारव्या रंगाचं सॅटिन होतं, कापून, खुणा करून ठेवलेलं. मावशीच्या मुलाच्या लग्नात वहिनीनं घालायचा लांब, पायघोळ ड्रेस. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. जीभ कात्रीसारखी आणि डोळा त्याहून धारदार. तरुणपणी तीही शिवायची, आणि आता शिवत नसली तरी दुसऱ्याच्या शिवणीत बोट घालून बघायची सवय काही सुटली नव्हती. लग्न तोंडावर आलं होतं. मावशीनं फोनवर दोनदा विचारून झालं होतं, की माझ्या बहिणीनं कापलेला तो ड्रेस होतोय ना. वहिनी “बघू” म्हणायची आणि विषय बदलायची.

धाकटीच्या डोक्यात ते “बघू” घुमत राहिलं. आईची शेवटची कात्री ज्या कापडातून फिरली ते कापड ही बाई नुसतं फळीवर ठेवून बसलीय. शिवत नाही आणि कुणाला हातही लावू देत नाही. जे मिळालंय त्याची किंमत नाही, पण दुसऱ्याला मिळू नये एवढी काळजी मात्र आहे. असा विचार करत करत ती एका दुपारी चहा न घेताच म्हणाली, “वहिनी, ते सॅटिन मी शिवते.”

वहिनी इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली. “राहू दे ना, वन्सं. मी जुनंच काहीतरी घालीन.”

“जुनं कशाला? आईनं कापून ठेवलंय.”

“तेच म्हणते. त्यांनी कापलंय. बिघडलं तर पुन्हा ते कापड नाही.”

बिघडलं तर. धाकटीच्या कानशिलावर कुणी काडी ओढावी तसं झालं. ती म्हणाली की सोफे शिवणारीला सॅटिन शिवता येत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. वहिनी म्हणाली, तसं नव्हतं मला म्हणायचं. धाकटी म्हणाली, मग कसं म्हणायचं होतं. दादा आत पेपर वाचत होता. या दोघींचा आवाज एका पट्टीच्या वर गेला की त्याला बाजारातून काहीतरी आणायचं आठवायचं. तो चपला घालून निघून गेला.

शेवटी वहिनीनं आडूनच टोला मारला. तुमच्याकडच्या त्या सुयांनी सॅटिनला डोळ्याएवढी भोकं पडतील, म्हणाली, आणि माझ्या सुया संपल्यात. धाकटीनं पर्स उचलली. “मग मी माझं सामान आणते,” ती म्हणाली. “सगळं माझं. तुमची टाचणीसुद्धा घेणार नाही.”

सुई-दोऱ्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत बटणांचे पुठ्ठे, आणि टोकाला बटणकाका. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाच ठाऊक असावं. आईला त्यांनी वर्षानुवर्षं सामान दिलं होतं. धाकटीला ते ओळखत होते ते जाड दोऱ्याच्या शंकूंवरून आणि वाकड्या सुयांवरून. तिनं सॅटिनसाठी सामान मागितलं तसे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, आता सोफ्यांनाही मेजवानीचे कपडे लागायला लागले की काय.

“तुम्ही द्या तर खरं.”

“मी देत नाही,” काका म्हणाले. “तुझ्या आईनं मला कधी काही निवडू दिलं नाही. ती मागायची आणि मी काढून पुढ्यात ठेवायचो. तू सांग, मी ठेवतो.”

आणि मग धाकटीला कळलं की तिला सगळं येतंय. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण इतकी वर्षं खिडकीतून, दारातून, चहाच्या कपावरून ती त्या दोघींच्या हातांकडे बघत आली होती, आणि जळत्या डोळ्यांनी बघितलेलं सगळं जसंच्या तसं आत जाऊन बसलं होतं. तिनं सुया मागितल्या, नऊ नंबरच्या. सुट्या नकोत, बंद पाकिटातल्या, कारण सुट्या सुयांची टोकं एकमेकींवर घासून बोथट होतात आणि बोथट सुई सॅटिनचा धागा भोसकत नाही, ओढते. मग शिवणीपासून लांब एक ओरखडा धावत जातो. पाकीट फोडून तिनं एक सुई नखावर टेकवून हळूच फिरवली. नखावर रेघ उठली नाही. दुसरी फिरवली, रेघ उठली. टोकाला खरखर असलेली ती तिनं बाजूला ठेवली.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

दोरा तिनं सुती नको म्हटलं. रिळं उजेडाकडे धरून बघितली, ज्याच्या अंगावर लव दिसली ते परत दिलं. रंग बघताना रीळ कापडावर ठेवून बघायचं नसतं, एक पदर उलगडून आडवा टाकायचा असतो, हेही तिला आठवलं. सोबत कापड नव्हतं, तर तिनं तो रंग नुसत्या आठवणीवर निवडला, कबुतराच्या मानेखालच्या राखाडीहून किंचित गडद. टाचण्या काचेच्या डोक्याच्या, केसासारख्या बारीक. पातळ पांढरा कागद, शिवताना कापडाखाली ठेवायला, म्हणजे मशीनचे दात कापड आत ओढणार नाहीत. काकांनी रंगीत कागद पुढं केला, स्वस्त पडेल म्हणाले. तिनं तो बोट न लावता परत सरकवला, कारण इस्त्रीची वाफ लागली की त्याचा रंग कापडावर उतरतो. कात्री घेताना मात्र ती अडली. गुळगुळीत पात्याची की बारीक दातऱ्यांची? आईची कात्री दातऱ्यांची होती, ते दात निसटतं कापड धरून ठेवायचे. पण ती कात्री डाव्या हाताची. आई डावरी होती. धाकटीनं उजव्या हाताची दातरी कात्री हातात घेऊन हवेत दोनदा चालवली.

“कापायचं राहिलंय काय?” काकांनी विचारलं. “कात्री कशाला मग?”

“शिवणीला जास्तीचं कापड सोडलेलं असतं ते छाटायला.”

काका सामान कागदात बांधता बांधता म्हणाले, “ते पारवं सॅटिनच ना? तुझी वहिनी आली होती त्यासाठी. समोरच्या कापडवाल्यापाशी जायला तिला संकोच वाटत होता, मला म्हणाली, तुम्ही विचाराल का. एका तुकड्यापुरतं हवं होतं. तागा संपला होता. नवा आलाय तो निळसर मारतो. पोरगी फार हिरमुसली.”

“एका तुकड्यापुरतं?”

“एक पाठ निघेल एवढं, म्हणाली.”

धाकटीनं पुडकं घेतलं आणि बाहेर आली. लाँड्रीच्या दारातून वाफ रस्त्यावर येत होती, तीत ती उभी राहिली. एक पाठ. म्हणजे आईनं धड कापून दिलेला तुकडा या बाईनं नासवला होता. इस्त्रीनं जाळला असेल, कात्रीचं टोक घुसवलं असेल. म्हणून ते गाठोडं फळीवर. म्हणून “बघू”. म्हणून “राहू दे ना, वन्सं”. आईचा तो हात जिच्या हातावर होता, तिनंच.

तिला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. लाज आलीही, पण रमतगमत, आनंदाच्या बरीच मागून.

घरी पोचेपर्यंत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. वहिनी, जाऊ द्या, होतं असं कधी कधी. हे वाक्य तिला फार आवडलं. त्यात मोठेपणाही होता आणि दुसरंही सगळं होतं. घरात शिरताच तिनं स्टुलावर चढून गुंडाळी खाली काढली. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, “वन्सं, थांबा.” धाकटी थांबली नाही. तिनं मलमल उलगडली आणि तुकडे एकेक करून टेबलावर पसरले, टाचण्यांऐवजी आईची जुनी लोखंडी वजनं कडांवर ठेवत. सॅटिन हातातून पाण्यासारखं निसटत होतं. पुढचे दोन तुकडे, मागचे दोन, बाह्या, गळ्याची पट्टी. सगळे होते. कुठं भोक नाही, डाग नाही, जळल्याची खूण नाही.

तिची निराशा झाली. नंतर उन्हाची तिरीप टेबलावर आली आणि तिला दिसलं. पाठीच्या दोन तुकड्यांपैकी डावा चांदीसारखा उजळ होता, उजवा ओल्या दगडासारखा काळवंडलेला. तिनं टेबलाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. आता उजवा उजळला आणि डावा विझला. सॅटिनची चमक एका दिशेला झुकलेली असते. सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवून कापले नाहीत तर तेच कापड दोन कापडांसारखं दिसतं. हा उजवा तुकडा डोकं खाली पाय वर असा ठेवून कापला होता. आता तो फिरवून लावताही येत नव्हता, वरून निमुळता आणि खाली घेरदार असा तो कापून मोकळा झालेला होता.

“उलटा कापलात,” धाकटी म्हणाली. जुळवून ठेवलेलं वाक्य तिला आठवलंच नाही.

“हो,” वहिनी म्हणाली. “माझ्याकडून झालं.”

फार चटकन म्हणाली. धाकटी तेवढा एक क्षण मनापासून जगली. मग तिचं बोट तुकड्याच्या कडेवरून फिरलं आणि खुणेच्या दोऱ्यांपाशी थांबलं. सॅटिनवर खडूची खूण जात नाही, म्हणून त्या घरात दोऱ्याचे सैल टाके घालून खुणा करत. वहिनीचे टाके आखूड आणि सरळ असायचे. हे टाके बोटभर लांब होते, आणि डावीकडे कललेले. डावऱ्या हातानं घातलेले.

“या खुणा आईच्या आहेत.”

वहिनीनं कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

“कापलंय पण तिनंच.”

वहिनी खुर्चीवर बसली. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना ती धाकटीकडे न बघता इस्त्रीच्या वायरीकडे बघत होती. आई त्या दिवशी फार खुशीत होती. बऱ्याच दिवसांनी टेबलापाशी उभी राहिली होती, वहिनीला तिनं मदतसुद्धा करू दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि तिला आपोआप दिसलं. तो तुकडा मांडीवर घेऊन ती पुष्कळ वेळ बसून राहिली. डोळे अधू होत चाललेत हे तिला आधीपासून कळत होतं. सुईत दोरा वहिनीच ओवून द्यायची, गिऱ्हाईक यायच्या आधी. हे कुणाला सांगायचं नाही, आई म्हणाली होती. धाकटीला तर नाहीच.

“मला का नाही?”

“मी विचारलं नाही.”

“वहिनी.”

वहिनीनं वायर सोडली. “म्हणाल्या, तिनं मला कधी चुकताना पाहिलं नाही. तसंच राहू दे.”

“आणि तुमच्यासमोर चाललं?”

“माझ्यासमोर काय, सगळंच चालायचं,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला वाटतं मला फार मिळालं. मिळालं खरं. कुरकुर मिळाली, रात्रीचं उठणं मिळालं. रडायच्या त्या माझ्यापुढं. आणि तुमची यायची वेळ झाली की केस विंचरून बसायच्या. माझ्यासाठी नाही कधी विंचरले.”

हे ऐकून धाकटीला बरं वाटायला हवं होतं. वहिनीच्या आवाजात जे होतं ते तिच्या ओळखीचं होतं, आणि दुसरी एखादी असती तर तिथंच वहिनीचा हात हातात घेऊन मोकळी झाली असती. पण धाकटीच्या डोळ्यांपुढं आली ती खिडकीपाशी तुकडा मांडीवर घेऊन बसलेली आई, जी तिनं पाहिली नव्हती आणि आता कधी पाहणार नव्हती. इतक्या वर्षांच्या सगळ्या विंचरलेल्या दुपारी एका पारड्यात घालून तिनं ती एक सकाळ आनंदानं घेतली असती. ती सकाळसुद्धा वहिनीकडेच होती. चूकसुद्धा आईनं हिच्याकडेच ठेवायला दिली.

“शिवू या असंच,” धाकटी म्हणाली.

वहिनी घाबरली. मावशींचा डोळा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणाली, आईंनी कापलंय हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांचं नाव जाईल, आणि तेही त्या गेल्यावर. मग थोडा विचार करून तिनं स्वतःचीच समजूत घातली. “कुणी विचारलंच तर मी सांगेन. आईंनी कापलेलं बिघडलं म्हणून मी नवं कापलं, तेव्हा चुकले. ड्रेस माझा, चूक माझी.”

धाकटीनं नव्या पाकिटातली सुई काढली आणि आईच्या मशीनला लावली.

त्या मशीनपुढं आई गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. स्टूल आईच्या उंचीचं होतं, धाकटीचे गुडघे वर टेकत होते. तिनं ते बदललं नाही. खाली पांढरा कागद, वर सॅटिनचे दोन पदर, बारीक टाचण्या शिवणीच्या आतच टोचलेल्या, म्हणजे भोकं दिसणार नाहीत. जाड कापड पुढं ढकलावं लागतं. त्याला अंगाचा जोर लागतो, आणि तिचे खांदे तो जोर आपोआप लावायला निघाले. पहिली शिवण खांद्याची. कापड एकदम पुढं पळालं, ती धरायला गेली आणि चुणी पडली. तिनं उसवायचा काटा उचलला.

“नका,” वहिनी म्हणाली. “उसवलं की सुईची भोकं राहतात. सॅटिनमध्ये एकदाच.”

मग चुणी तशीच राहिली. पुढच्या शिवणीला धाकटीनं हात नुसते ठेवले, धरले नाहीत. खालून कागद कुरकुरत सरकत होता. एकीकडून वहिनी तो कागद फाडत होती, शिवणीवर अंगठा दाबून, बारीक बारीक, टाक्याला हिसका न देता. आईनं हातावर हात ठेवला असता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. इथं कुणी ठेवला नाही आणि तरी बाहीची शिवण सरळ गेली. मध्ये एकदा सुईचा आवाज बदलला, टपटप व्हायला लागला, तसं दोघींनी एकाच वेळी मान वर केली आणि धाकटीनं सुई बदलली. पाठीची मधली शिवण तिनं सगळ्यांत शेवटी घेतली. एका बाजूला उजेड, एका बाजूला काळोख, आणि मध्ये तिचा दोरा. सगळ्या ड्रेसात तीच शिवण सर्वांत चांगली आली.

खालची दुमड घालण्याआधी ड्रेस दारावर लटकवून ठेवायचा असतो, कापड आपल्या वजनानं जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्यायचं असतं. दादा संध्याकाळी कामावरून आला, त्यानं दारावर ते पारवं उभं असलेलं पाहिलं, आणि उंबऱ्यावरूनच बाजारात निघून गेला.

लग्नाच्या हॉलमध्ये दिवे पांढरे आणि नको तितके होते. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, नवरा-नवरी फोटोंसाठी उभी राहिली. वहिनी भिंतीला पाठ लावून बसली होती. कुणी बोलावलं तर समोरूनच हसायची, उठायची नाही. धाकटी तिच्या शेजारची खुर्ची अडवून बसली होती. पण मावशीपुढं भिंतींचं काय चालणार? मुलाची आई म्हणून तिला शंभर कामं असायला हवी होती; ती सगळी टाकून ती सरळ या दोघींकडे आली आणि म्हणाली, ऊठ गं, बघू तरी माझ्या बहिणीचं शेवटचं काम.

वहिनी उठली. मावशीनं तिला खांद्याला धरून फिरवलं, दिव्याकडे, मग दिव्यापासून परत. गळ्याची पट्टी दोन बोटांनी चाचपली. खांद्याच्या चुणीवर थांबली. मग पाठीशी आली आणि तिचा हात थांबला.

“हे काय? ही अर्धी पाठ उलटी आहे. कुणी कापली?”

वहिनीनं वळून तोंड उघडलं.

“मी,” धाकटी म्हणाली.

“नाही हो मावशी,” वहिनी म्हणाली, “मी कापली, यांनी नुसती शिवली.”

“वहिनी मला सांभाळून घेतायत. आईनं धड कापला होता तो तुकडा. माझ्याकडून इस्त्रीनं जळला, म्हणून उरलेल्या कापडातून दुसरा कापला मी. उलटा.”

“वन्सं,” वहिनी म्हणाली. आवाज असा होता जणू धाकटीनं तिच्या पर्समधून काहीतरी काढून घेतलंय.

मावशीनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. तिला ठरवायला वेळ लागला नाही. सोफे शिवणारीवर विश्वास बसायला कुणालाच वेळ लागला नसता. मग तिनं तिथंच, पाहुण्यांच्या देखत, धाकटीची हजेरी घेतली. सॅटिन कापायच्या आधी हात फिरवून चमक बघावी, एवढंही कळू नये? कडेला दोऱ्यानं बाणाची खूण करावी, सगळे बाण एकीकडे, मग मेलं झोपेत कापलं तरी चुकत नाही. बहिणीनं जन्मभर हेच केलं, सतरा वेळा समोर बसून केलं, आणि पोटच्या पोरीनं त्यातलं एवढंही उचललं नाही. ती बघत असती तर तिनं तुला ते तिथल्या तिथं उसवायला लावलं असतं. मावशीचा आवाज चढला तशी त्याला धार आली, आणि त्या धारेत शब्दांचे शेवट आई तोडायची तसे तुटत होते. आई धाकटीशी अशी कधी बोलली नव्हती. वहिनीशी बोलायची.

धाकटी मान खाली घालून ऐकत होती. एक शब्द सांडू दिला नाही तिनं.

मावशी दम घ्यायला थांबली. धाकटीनं वर पाहिलं. वहिनी भिंतीपाशी तशीच उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, सॅटिनच्या त्या काळ्या अर्ध्या भागावर ठेवलेले, आणि तिथून धाकटीकडे बघत होती. खिडकीच्या काचेत चहाच्या वेळेला आपलाच चेहरा कसा दिसत असेल, हे धाकटीला तेव्हा प्रथम दिसलं. तिला वाईट वाटलं, थोडंसं. पण ती उठली नाही आणि वहिनीच्या वाट्याचं ते बोलणं तिनं परतही केलं नाही. मावशीसाठी तिनं शेजारची खुर्ची ओढली.

“बसा ना मावशी,” ती म्हणाली. “आणखी काय काय चुकलंय ते सांगा.”